चवथ ते दिवाळी : मुदत संपलेल्या एका नावाबद्दल गोव्यातल्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील देवस्थान समित्यांचे अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार,
ग्रामवाचनालयांची आणि शाळांची व्यवस्थापक मंडळे,
आणि गावोगावची नाट्यमंडळे,

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा मी सहा वर्षं चिटणीस होतो. आमच्या देवळाची आणि वाचनालयाची मिळून एक वेबसाइट होती. २०११ साली ती सुरू झाली आणि २०२२ साली गेली. गेली म्हणजे बंद पडली असं नव्हे. तो पत्ता आजही उघडतो. वरच्या पट्टीत आमच्या ग्रामदेवतेचं नाव दिसतं आणि खाली पत्त्यांचा डाव, फिरतं चक्र, पैसे लावा म्हणून सांगणारी बटणं.

आम्हाला हे कळलं ते मुंबईहून आलेल्या एका फोनमुळे. आमच्या महाजनांपैकी एका घरातल्या आजी गिरगावात राहतात. जत्रेची तारीख बघायला त्यांनी नातवाकडून वेबसाइट उघडून घेतली होती. फोनवर त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे बाळा, देवाच्या नावावर हे काय लावलंय तुम्ही?" आम्ही काहीच लावलेलं नव्हतं. आम्ही वर्षाचे हजार-बाराशे रुपये भरायचे विसरलो होतो. पण हे त्यांना कसं समजावून सांगायचं, ते मला त्या क्षणी सुचलं नाही. म्हणून तेव्हापासून हा विषय मी मुळापासून समजून घेतला, आणि जे कळलं ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण आमच्या समितीत तो शेवटपर्यंत होता. वेबसाइट म्हणून आपण जे म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक तिचं नाव, म्हणजे डोमेन. दुसरी, मजकूर आणि फोटो जिथे ठेवलेले असतात ती जागा, म्हणजे होस्टिंग. तिसरा तो मजकूर. जागेचे पैसे वेगळे, नावाचे वेगळे. आमचे खजिनदार म्हणायचे, "आपण २०११ लाच विकत घेतलंय ना?" इथेच चूक होते. डोमेन कोणीच विकत घेत नाही. काजूची बागायत किंवा मानशीतली मासळी पावणीत, म्हणजे लिलावात, घेतली म्हणून ती आपली होत नाही, हंगामापुरता हक्क मिळतो. डोमेनचंही तसंच. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात. फरक एवढाच, की मुदत संपण्याआधी पैसे भरत राहिलात तर दुसऱ्या कोणाला बोली लावायची संधीच मिळत नाही. नाव वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतं.

आता आमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते तारखांसकट सांगतो, कारण सगळं शिकण्यासारखं त्या तारखांमध्येच आहे.

नावाची मुदत ३ ऑगस्ट २०२२ ला संपली. डॉट कॉमसारख्या डोमेन नावांचे नियम आयकॅन नावाची संस्था ठरवते. तिच्या २०१३ पासून लागू असलेल्या नियमानुसार, ज्याच्याकडून आपण नाव घेतो त्या रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशा सूचना द्यायच्याच असतात, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. तिन्ही सूचना आल्या होत्या. आल्या त्या ज्या मुलाने हे नाव घेतलं त्याच्या कॉलेजच्या काळातल्या मेलवर. तो तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकत होता. आता तो जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. त्याला मी दोष देत नाही, आणि गावातल्या कोणी देऊही नये. अकरा वर्षं तो स्वतःच्या कार्डावरून पैसे भरत होता आणि समितीने त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, किती झाले, कुठून भरतोस. त्याचं जुनं कार्ड बदललं आणि आपोआप जाणारे पैसे जायचे थांबले. होस्टिंगही त्याच कार्डावर होतं. दोन्ही एकदम गेलं.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच सुटत नाही. पहिला टप्पा सवलतीचा असतो, रजिस्ट्रारप्रमाणे कमीजास्त, पण डॉट कॉमसारख्या नावांना जास्तीत जास्त ४५ दिवस. या काळात बहुधा नेहमीचीच फी भरून नाव पुन्हा चालू करता येतं. वेबसाइट मात्र मध्येच दिसेनाशी होते, किंवा तिथे भलत्याच जाहिराती झळकतात. हे मुद्दाम असतं. नाव कायमचं काढण्यापूर्वी ते काही दिवस तरी बंद पाडायचं, म्हणजे मालक जागा होईल, असा नियमच आहे. आमची वेबसाइट ऑगस्टच्या मध्यावर बंद पडली. ३१ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती. माटोळीचं सामान, घराची रंगरंगोटी, मुंबई-पुण्याहून येणारी माणसं. कोणीतरी म्हणालं, साइट उघडत नाही. "सर्व्हर डाऊन असेल, चवथीनंतर बघू," असं उत्तर दिलं ते मीच.

दुसरा टप्पा ३० दिवसांचा. यात नाव फक्त जुन्या धारकालाच सोडवून घेता येतं, पण दंडासकट, आणि हा दंड वर्षाच्या फीच्या कितीतरी पट असतो. आमच्यासाठी तो १७ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर असा होता. त्या महिन्यात नवरात्र झालं. नऊ रात्री मखरोत्सवाला सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतल्या पाच घरांनी वर्गणी काढली असती तरी दंड भरून झाला असता, पण दंड आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग शेवटचे पाच दिवस. त्यात कोणालाच काही करता येत नाही, धारकालाही नाही. २२ ऑक्टोबरला नाव मोकळं झालं. २३ च्या रात्री, दिवाळीच्या तोंडावर, गावात नरकासुराचे पुतळे निघाले होते. त्याच सुमारास कुठल्यातरी संगणकाने आमचं नाव उचललं.

संगणकाने म्हणतो, कारण हे काम माणूस बसून करत नाही. नावं कधी सुटणार त्यांच्या याद्या निघतात आणि ती सुटल्यासुटल्या क्षणभरात पकडणाऱ्या सेवा चालतात. सगळी नावं शेवटपर्यंत खालीही येत नाहीत. बरी वाटणारी नावं रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच लिलावाला काढतात. नवीन माणूस बोली लावतो, जुना जागा झाला नाही तर नाव त्याचं. हा व्यवहार बेकायदा नाही, आणि तो करणारे सगळेच वाईट असतात असंही नाही. एखाद्याने सोडलेलं नाव दुसऱ्याला चांगल्या कामासाठी हवं असू शकतं. पण पावणीत कोण बसलंय हे आपल्याला दिसत नाही, आणि देवळाची जमीन पावणीला निघाली असती तर अख्खा गाव गोळा झाला असता.

७५ दिवस आमच्या हातात होते. चवथीच्या आधीपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एक प्रश्न सोडवायला, की आमच्या नावात घेण्यासारखं होतं काय? काही डोमेन नावं शब्द म्हणूनच मोलाची असतात. व्हॉइस डॉट कॉम हे नाव २०१९ साली तीन कोटी डॉलरना विकलं गेलं. एकच इंग्रजी शब्द, जगभर कळणारा. आमचं नाव म्हणजे देवतेचं नाव, गावाचं नाव आणि वाचनालय, असं लांबलचक. स्पेलिंग सांगताना तीनदा सांगावं लागायचं. शब्द म्हणून त्याला काही किंमत नव्हती.

किंमत होती ती अकरा वर्षांत लोकांनी त्याच्याकडे लावलेल्या वाटांना. जत्रेच्या बातमीखाली वर्तमानपत्रांच्या वेबसाइटनी आमचा दुवा दिला होता. गोव्यातल्या मंदिरांची माहिती देणाऱ्या पानांवर तो होता. उत्सवी रंगभूमीवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या लेखात होता. गूगलसारखी शोधयंत्रं असे दुवे म्हणजे शिफारस समजतात. चार भरवशाच्या ठिकाणांहून एखाद्या पत्त्याकडे बोट दाखवलेलं असलं की तो पत्ता भरवशाचा धरला जातो आणि शोधात वर येतो. नवीन जुगाराच्या साइटला अशी शिफारस कोण देणार? तेव्हा तिने आमच्या शिफारसी घेतल्या. सभामंडपाच्या कमानीवर रंगवलेला पत्ता, पावती पुस्तकावर छापलेला पत्ता, आजींच्या नातवाच्या फोनमधला जुना पत्ता, हे सगळं तिला त्या एका नावाच्या किमतीत मिळालं. मुदत संपलेलं नाव विकत घेणारा आपल्या संस्थेची पत विकत घेत असतो. ती पत मागच्या पिढ्यांनी कमावलेली असते. समितीने कधी ती मोजलेली नसते, घेणाऱ्याने मात्र मोजलेली असते.

हा प्रकार इतका वाढला की गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या नियमांत त्याची वेगळी नोंद केली. जुन्या नावाच्या पुण्याईवर निरुपयोगी मजकूर शोधात वर आणण्यासाठी मुदत संपलेलं डोमेन घेणं, हा गैरवापर धरला जातो आणि अशी पानं शोधातून खाली ढकलली किंवा काढली जाऊ शकतात. चांगलं आहे. पण कमानीवरचा पत्ता वाचून थेट टाइप करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

अमेरिकेत 'द हेअरपिन' नावाची स्त्रियांची एक वेबसाइट होती. २०१८ साली ती बंद झाली. पुढे नाव सुटलं, परक्या माणसाने घेतलं आणि यंत्राने लिहिलेला मजकूर तिथे भरला. जुने काही लेख त्याने ठेवले, पण त्यांवरची लेखिकांची नावं काढून पुरुषांची घातली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावात साठ-सत्तरच्या दशकांत पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बायकांची आठवण झाली. त्यांची नावं आमच्या वेबसाइटवर होती.

त्याबद्दल पुढे लिहितो. आधी मेलविषयी, कारण तो धोका कमानीवरच्या पत्त्यापेक्षा मोठा आहे आणि दिसत मात्र नाही.

तुमच्या संस्थेचे मेल तुमच्याच डोमेनवर असतील, म्हणजे अध्यक्ष, चिटणीस, देणगी अशा नावांचे, तर डोमेन ज्याच्याकडे जातं त्याच्याकडे ते सगळे मेल जातात. जुने नाही, पण त्या दिवसापासून येणारा प्रत्येक. त्याला पासवर्ड फोडावा लागत नाही. त्या नावावर येणारं सगळं टपाल एका पेटीत गोळा करायची सोय तो दहा मिनिटांत करू शकतो. मग बँकेचं पत्र, दुबईतल्या देणगीदाराची चौकशी, एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलायची लिंक, सगळं त्या पेटीत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षा संशोधकाने हे करून दाखवलं. वकिलांच्या कंपन्यांनी सोडून दिलेली डोमेन नावं त्याने रीतसर घेतली आणि अशिलांची गोपनीय पत्रं त्याच्याकडे येऊ लागली. त्याने लोकांना सावध करण्यासाठी केलं. दुसरा कोणी गप्प बसून वाचत राहिला असता.

आपल्याकडे आता बऱ्याच देवळांच्या दानपेटीशेजारी क्यूआर कोड आहे. काही ठिकाणी तो थेट बँकेच्या खात्याचा असतो, काही ठिकाणी तो संस्थेच्या वेबसाइटवरचं देणगीचं पान उघडतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर कृपया आजच बघा की ते नाव कोणाकडे आहे. जुना छापील कोड भिंतीवर तसाच राहतो आणि त्यामागचं पान दुसऱ्याचं होतं. बँकांच्या बाबतीत हा धोका ओळखून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव आवारात यायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबरची मुदत दिली. तिथे बाहेरच्या कोणाला नाव मिळत नाही. देवस्थानांना आणि वाचनालयांना असं कुंपण नाही. आपली राखण आपणच करायची आहे.

मोठ्यांकडून हे होत नाही असं कोणी समजू नये. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगिन अनेकांना मिळेना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने कारण शोधलं आणि स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून नाव चालू करून दिलं. त्यांना सज्जन भेटला. आमच्या नशिबी तो नव्हता.

नाव परत मिळवण्याचा प्रयत्न आम्ही केला. नव्या धारकाशी मध्यस्थामार्फत बोलणं झालं. त्याने अडीच हजार डॉलर सांगितले. समितीची तातडीची बैठक झाली, आणि काही जणांचं म्हणणं होतं की देवाचं नाव आहे, देऊन टाकू. मी विरोध केला. हजाराच्या वस्तूला दोन लाख मोजले की पुढच्या गावाचं नाव उचलायला त्याला बळ येतं, असं मला वाटलं आणि अजून वाटतं. पण आजींचा फोन आठवला की त्या निर्णयाने पोटात कालवतं, हेही खरं.

तक्रारीचा मार्ग आहे. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांसाठी आयकॅनचं वादनिवारण धोरण १९९९ पासून आहे. डॉट इन नावांसाठी निक्सी ही आपली संस्था स्वतःच्या धोरणाप्रमाणे लवाद नेमते. दोन्हीकडे आपल्याला दाखवावं लागतं की नावावर आपला आधीपासूनचा हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतलं. डॉट कॉमसाठी जिनिव्हातल्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे गेलं तर एका पंचापुढच्या साध्या प्रकरणाचीच फी १५०० डॉलर आहे, वकील वेगळा. ट्रेडमार्क घेतलेल्या कंपनीला हे सोपं जातं. पण शांतादुर्गा, म्हाळसा, रवळनाथ, सातेरी ही नावं कोणा एका समितीची कशी म्हणायची? भाविकाला जे लख्ख दिसतं ते लवादापुढे सिद्ध करणं अवघड आहे. आम्ही तो नाद सोडला, आणि डॉट इनमध्ये नवं नाव घेतलं. कमान पुन्हा रंगवली. पावती पुस्तकं नवी छापली. तो खर्च जुन्या नावाच्या वीस वर्षांच्या फीइतका आला.

आता त्या नटनट्यांविषयी.

आमच्या देवळात उत्सवाला मराठी नाटक होतं. गोव्यात हे नवं नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो की इथे गवंडी, शिक्षक, भाटकार म्हणजे जमीनदार, आणि मुंडकार म्हणजे त्यांच्या जमिनीवर राहणारी कुळं, एकाच रंगमंचावर उभे राहत आले आहेत आणि जत्रेतलं नाटक बघायला माणसं पहाटेपर्यंत बसतात. गोवा मुक्त झाल्यापासूनची, म्हणजे १९६१ नंतरची, आमच्या गावातल्या नाटकांची वर्षवार यादी एका निवृत्त गुरुजींनी केली होती. कोणतं नाटक, कोणी काय काम केलं, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, पडदा कोणी रंगवला. हँडबिलं त्यांनी जपली होती. २०१२ च्या सुट्टीत गावातल्या मुलींनी ती स्कॅन केली आणि यादी टाइप करून वेबसाइटवर घातली. गुरुजी २०१६ साली गेले. त्यांची वही आणि हँडबिलांची पेटी घरच्या माळ्यावर होती. दोन पावसाळ्यांत वाळवीने तिचा भुगा केला. आम्ही म्हणालो, असू दे, वेबसाइटवर आहे ना.

नाव गेलं म्हणून मजकूर जात नाही, तो होस्टिंगच्या जागेत असतो. पण तिथलेही पैसे थांबले होते, आणि काही आठवड्यांनी त्या कंपनीने फाइली पुसल्या होत्या. आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९९६ पासून जगातल्या वेबपानांच्या प्रती साठवते. तिच्या वेबॅक मशीनमध्ये आमचा जुना पत्ता घालून शोधलं. यादीची पानं सापडली, १९८७ पर्यंतची. पुढची पानं कधी टिपलीच गेली नव्हती. हँडबिलांपैकी लहान आकाराची चित्रं आली, ज्यात नाटकाचं नाव वाचता येतं, पण खालची कलाकारांची नावं नाहीत. एका म्हाताऱ्या कलाकाराच्या आवाजातली तीन पदं ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती नाहीत. तो माणूसही नाही. पदं कोणती होती ते आठवतं, त्याने ती कशी म्हटली होती ते आता गावात कोणालाच नक्की सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आकडा वाचून मी फार हललो नाही. त्यात आमची तीन पदं आहेत हे कळल्यावर हललो.

आता मागणं. मी आपल्यापैकी कोणाला तांत्रिक माणूस व्हायला सांगत नाही. आपल्याकडे समिती बदलते तेव्हा जुना खजिनदार नव्याला किल्ल्या देतो, देवाचे दागिने वजन करून देतो, वह्या आणि पासबुकं देतो, आणि सह्या होतात. त्या कागदावर एक ओळ वाढवा. डोमेनचं नाव, ते कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, मुदत कधी संपते, कोणत्या मेलवर नोंद आहे आणि कोणता फोन. देवस्थानांना वर्षाचं अंदाजपत्रक मामलेदारांपुढे ठेवावंच लागतं, त्यात तेलवातीच्या खर्चाखाली हा खर्च दाखवा. वाचनालयांनी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्या. एवढ्यानेच अर्धं काम होतं, कारण आमच्याकडे पैशांची अडचण नव्हतीच. ती गोष्ट कोणाच्या वहीत नव्हती.

नोंद संस्थेच्या नावाने करा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या किंवा कंपनीच्या नावाने असेल तर गोडीने बदलून घ्या, आणि त्याचे आजवरचे पैसे चुकते करा. नोंदीचा मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. नाव बंद पडलं की तो मेलही बंद पडतो आणि सुटका करून घेण्याची सूचना नेमकी तिथेच अडकते. साधा जीमेल चालेल, पण तो दोघांना उघडता यायला हवा, आणि ओटीपी येणारा फोन गावात असलेल्या माणसाचा हवा.

एकदम दहा वर्षांचे पैसे भरून मोकळं व्हावं असं पुष्कळांना वाटतं. मला ते पसंत नाही. दहा वर्षांत तीन समित्या बदलतात आणि आठवण कोणालाच राहत नाही. त्यापेक्षा पाच वर्षांचे भरा आणि मग दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी एक वर्ष वाढवा. म्हणजे एखादं वर्ष चुकलं तरी हातात चार उरतात, आणि सवय मोडत नाही. आम्ही नव्या नावासाठी पाडव्याचा दिवस धरला आहे. पैसे भरताना मात्र रजिस्ट्रारच्या स्वतःच्या पानावर जाऊनच भरा. तुमचं डोमेन संपतंय, ताबडतोब पैसे भरा, अशी बिलासारखी दिसणारी खोटी पत्रं आणि मेल येतात, आणि त्यांनी घाबरून पैसे भरलेल्या संस्था मला माहीत आहेत.

मुदतीची तारीख माहीत नसेल तर आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकून ती कोणालाही बघता येते. धारकाचं नाव तिथे बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख आणि रजिस्ट्रार दिसतात. डॉट इनसाठी निक्सीच्या पानावर तसंच बघता येतं. देवनागरीतलं डॉट भारत नाव २०१४ पासून मिळतं. मराठीची आणि कोंकणीची लिपी एकच, त्यामुळे एका नावात दोन्हींची सोय होते, आणि गावाचं नाव स्वतःच्या अक्षरांत बघायला बरं वाटतं. तेही घ्यायचं असेल तर जरूर घ्या. फक्त त्याचीही तारीख त्याच वहीत लिहा.

आणखी एक विनंती बंद पडलेल्या संस्थांच्या शेवटच्या माणसांना. आपल्या मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी एकेक करून मिटत आहेत, जुनी मंडळं दुसऱ्यांत विलीन होत आहेत. शाळा मिटली की तिचं डोमेनही सोडून द्यावं असं वाटणं साहजिक आहे. सोडू नका. मुलांचे फोटो, पालकांचे पत्ते, माजी विद्यार्थ्यांची भाषणं त्या नावाला चिकटलेली असतात. निदान काही वर्षं फी भरत राहा, तिथे एकच पान ठेवा की ही शाळा अमुक साली बंद झाली, आणि मजकुराची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. बंद करण्याआधी वेबॅक मशीनमध्ये प्रत्येक पान हाताने जतन करता येतं. फुकट आहे, एका दुपारचं काम आहे. आमच्या १९८७ नंतरच्या पानांसाठी ती दुपार आम्ही काढली नाही.

तुमच्या गावात ज्यांच्याकडे जुनी हँडबिलं असतील त्यांना आमच्या यादीबद्दल सांगा. शेजारच्या गावांतले नट आमच्याकडे कामाला येत, तेव्हा तुमच्या पेटीत आमचं एखादं पत्रक असण्याची शक्यता आहे. १९८८ पासून पुढचं काहीही चालेल, अर्धं फाटलेलं असलं तरी.

आणि हे सगळं वाचून ज्यांना आपल्या संस्थेचं नाव तपासायचं आहे पण जमणार नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी मी दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात आमच्या वाचनालयात बसतो. पासवर्ड आणू नका, कोणालाच देऊ नका. फक्त संस्थेचं नाव आणि जमलं तर वेबसाइट ज्याने केली त्याचा फोन घेऊन या. गेल्या रविवारी पेडण्याहून एक भजनी मंडळ आलं होतं. त्यांच्या नावाला एकोणीस दिवस उरले होते. तिथेच बसून भरले.

देव बरें करूं.

आपला,
एका ग्रामवाचनालयाचा माजी चिटणीस
फोंडा तालुका, गोवा